दिनविशेष : ६ जानेवारी
ख्वाजा युनूस आणि पारनेरची जीप

परभणीचा २७ वर्षांचा अभियंता ख्वाजा युनूस. दुबईत नोकरीला होता. घाटकोपर बसस्फोटाच्या संशयावरून डिसेंबर २००२मध्ये त्याला ‘पोटा’ या दहशतवादविरोधी कायद्याखाली अटक झाली. ६ जानेवारी २००३ला सहआरोपींनी त्याला शेवटचं जिवंत पाहिलं.

पोलिसांनी सांगितलं ते वेगळंच. तपासासाठी औरंगाबादला नेताना नगर जिल्ह्यात, पारनेर तालुक्यात जीपला अपघात झाला आणि युनूस पळाला! उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर सीआयडीने तपास केला, तेव्हा ही कहाणी रचलेली असल्याचं आणि मृत्यू कोठडीतच झाल्याचं पुढे आलं. त्याला कपडे उतरवून पट्ट्याने मारलं, तो रक्त ओकत होता, असं सहआरोपीने सांगितलं. मृतदेह आजवर घरच्यांच्या हाती आलेला नाही. बसस्फोटाच्या खटल्यातले इतर आरोपी २००५मध्ये निर्दोष सुटले.

सीआयडीने १४ पोलिसांवर ठपका ठेवला, पण सरकारने खटल्याला परवानगी दिली ती पोलीस अधिकारी सचिन वाझेंसह फक्त चौघांवर. उरलेल्या दहांना का वगळलं, हा वाद तिथूनच पेटला, आणि तो रास्तच होता. २०१८मध्ये साक्षीदाराने न्यायालयात आणखी चार पोलिसांची नावं घेतली. त्यांना आरोपी करा, असा अर्ज विशेष सरकारी वकिलांनी केला, तर सरकारने त्या वकिलांनाच हटवलं. खुनाच्या आरोपाचा निकाल लागलेला नसताना, जून २०२०मध्ये वाझेंसह ते पहिले चौघेही पुन्हा सेवेत आले. युनूसच्या आईने त्याविरुद्ध उच्च न्यायालयात अवमान याचिका दाखल केली.