द्विभाषिक राज्याचे वचन आणि वैनगंगेचा काठ

भरवेली हे मँगनीजच्या खाणीमुळे सर्वश्रुत झालेले गाव. ते ज्या बालाघाट जिल्ह्यात आहे तो एकोणिसाव्या शतकात भंडारा, शिवनी व मंडला या जिल्ह्यांचे भाग जोडून निर्माण झाला. त्यामुळे मराठी, हिंदी, पोवारी व गोंडी या भाषा येथे आरंभापासूनच शेजारी नांदत आल्या. वैनगंगेच्याच काठी, खालच्या अंगास, आंभोरे येथे विवेकसिंधूकार मुकुंदराजांचे स्थान मानणारी एक परंपरा आहे. या नदीकाठी मराठी उपरी नव्हे.

जुन्या मध्यप्रदेशाची राजधानी नागपूर होती. त्या राज्याने १९५० च्या अधिनियमान्वये हिंदी व मराठी या दोहोंसही राजभाषेचा मान दिला. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. नागपूर, भंडाऱ्यासह आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले व १९६० साली महाराष्ट्रात आले. बालाघाट मध्यप्रदेशातच राहिला. नव्या राज्याने १९५७ च्या अधिनियमाने हिंदी ही राजभाषा ठरविली. कालची राजभाषा येथे अल्पसंख्यांची भाषा झाली.

तथापि शासनाने वचन सर्वस्वी सोडले नाही. १९५६ सालीच संविधानात कलम ३५०-क व ३५०-ख समाविष्ट झाली. पहिल्याने भाषिक अल्पसंख्यांच्या मुलांस प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्याचे कर्तव्य राज्यावर टाकले. दुसऱ्याने या संरक्षणांची चौकशी करण्यासाठी विशेष अधिकारी नेमण्याची तरतूद केली. त्यापूर्वी, १९४९ साली, शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने प्रमाणही ठरविले होते : शाळेत ४० किंवा वर्गात १० विद्यार्थी असतील तर त्यांच्या भाषेचा शिक्षक द्यावा.

येथेच समाजाचे कर्तव्य सुरू होते. शासन पटावरील संख्या पाहते. पालकांनी मुलांची मातृभाषा नोंदविलीच नाही, तर मराठी कुटुंबे असूनही मराठीचा वर्ग उभा राहत नाही. आणखी एक गोष्ट विसरू नये. १९५० च्या वचनात गोंडीस स्थान नव्हते. कलम ३५०-क मात्र कोणत्याही एका भाषेचे नाव घेत नाही. जो न्याय मराठी भाषिक आपल्यासाठी मागतील, तोच त्यांनी गोंड बांधवांसाठीही मागावयास हवा. प्रस्तुत ग्रंथात दोन भाषा एकाच आसनावर बसल्या आहेत; मठाच्या शिष्यमंडळींनी आपल्या घरीही भाषांचा असाच आदर राखावा.