किंडरचा माळ

हेफील्ड गावाहून निघून दिवसभर मी किंडरच्या पठारावर चाललो. खाली किंडरचा जलाशय. वर काळीभोर पीटची भूमी, म्हणजे हजारो वर्षे ओलीत साचलेले शेवाळ नि गवत. पाऊल घोट्यापर्यंत रुतते. असल्या चिखलापायी कोणी तुरुंगात जाईल?

गेले! २४ एप्रिल १९३२, रविवार. बेनी रॉथमन या वीस वर्षांच्या पोराच्या मागे काहीशे कामकरी तरुण याच बाजूने वर चढले. मँचेस्टरच्या धुरात आठवडा काढणाऱ्यांना मोकळा वारा हवा होता, आणि माळ तर उमरावांच्या ग्राऊस पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखलेला. रखवालदारांशी झटापट झाली. परक्या जमिनीत नुसते शिरणे हा तिकडे फौजदारी गुन्हा नव्हे. म्हणून खटले भरले ते दंग्याचे नि मारहाणीचे. पाच जणांना दोन ते सहा महिन्यांची सजा झाली, रॉथमनला चार. मला तर वाटते, सरकारने ही सजा देऊनच चळवळ वाढवली. एरवी त्या रविवारची आठवण कोणी ठेवली असती?

१९४९ साली कायदा झाला. १९५१ साली हा प्रदेश ब्रिटनचे पहिले राष्ट्रीय उद्यान ठरला. २००२ च्या एप्रिलात डेव्हनशायरच्या ड्यूकनी आपल्या आजोबांच्या वर्तनाबद्दल जाहीर माफी मागितली. रॉथमन त्याच जानेवारीत वारला होता.