ताठ मानेची किंमत

खडकवासल्याला घोडेस्वारीच्या तासाला उस्तादांचं एकच वाक्य कानावर आदळायचं: "लगाम ढीली करो!" भीतीपोटी आम्ही कॅडेट लगाम आवळून धरायचो. घोड्याची मान वर गेली की आम्हाला तो रुबाबदार वाटायचा, उस्तादांना मात्र तो त्रासात दिसायचा.

हाच रुबाब एकोणिसाव्या शतकात लंडनच्या श्रीमंतांना हवा होता. त्यांच्या बग्गीच्या घोड्यांना 'बेअरिंग रेन' लावत. तोंडातल्या कडीपासून वर जाऊन पाठीवरच्या साजात अडकवलेला हा पट्टा. घोड्याला मान खाली घालायची सोयच नाही. दारात तासभर उभा असला तरी नाही.

घोड्याच्या मानेत आपल्यासारखेच ७ मणके असतात. पण ते जड डोकं नुसत्या स्नायूंनी पेलायचं तर तो दमून जाईल. म्हणून कवटीच्या मागून पाठीच्या उंचवट्यापर्यंत दोरखंडासारखा लवचीक बंध असतो. मान खाली गेली की तो ताणला जातो आणि पाठीला वर उचलून धरतो. मान वर बांधली की तो सैल पडतो, पाठ खोलगट होते, मानेचे वरचे स्नायू आखडतात आणि पुढे रोडावतात. मानेच्या बाजूने दंडाच्या हाडापर्यंत उतरणारा लांब स्नायू पुढचा पाय पुढे ओढतो. तो जखडला की पाऊल तोकडं पडतं. चढावर तर घोडा डोकं खाली घालूनच अंगाचं वजन ओझ्यामागे लावतो. तेवढंच करू द्यायचं नाही, आणि वर चाबूक!

एडवर्ड फ्लॉवर यांनी १८७५ साली या पट्ट्याविरुद्ध पुस्तिका काढली. पण घराघरांत हा विषय नेला तो ॲना स्यूएल यांनी. लहानपणी पाय दुखावल्यामुळे त्यांना चालणं कठीण होतं, त्यामुळे घोडागाडी हाच त्यांचा आधार. १८७७ साली आलेल्या 'ब्लॅक ब्यूटी'त त्यांनी ही व्यथा घोड्याच्याच तोंडून सांगितली. बाई स्वतः वर्षभरही जगल्या नाहीत. १८७८च्या एप्रिलमध्ये गेल्या. अंत्ययात्रेच्या घोड्यांना तेच पट्टे लावलेले पाहून त्यांच्या आईने ते आधी काढायला लावले, असं सांगतात.

आमच्या घरी भिंतीवर माझा कॅडेट असतानाचा एक फोटो आहे. घोड्याची मान ताठ, माझ्या हातात लगाम ताणलेला. आईला तो फार आवडतो. उस्तादांना दाखवायची माझी कधी हिंमत झाली नाही.