‘सिसेशन’ : एका शब्दाचे दोन इतिहास

कामगार चळवळीत ‘फुटीर’ या शब्दाइतका जिव्हारी लागणारा दुसरा शब्द नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या संघटनेतून कंत्राटी कामगारांचा एक गट बाहेर पडला, तेव्हा भर सभेत तो शब्द आम्हीही उच्चारला. निषेधाचा ठराव इंग्रजीत करताना त्यासाठी ‘सिसेशन’ हा शब्द घातला गेला. कोशात पाहिले, तर अर्थ एका ओळीचा : फुटून निघणे. परंतु शब्दाचा खरा अर्थ कोशापेक्षा इतिहासातच अधिक सापडतो, आणि या शब्दाला तर एकमेकांच्या अगदी उलट असे दोन इतिहास आहेत.

शब्द मूळचा लॅटिन. ‘से’ म्हणजे बाजूला आणि ‘केदेरे’ म्हणजे जाणे. कोण जातो, कोणापासून जातो, कशासाठी जातो, हे शब्द सांगत नाही. ‘कन्सेशन’, म्हणजे सवलत, हाही त्याच धातूपासून निघालेला शब्द. या दोन भावंडांचे नाते केवळ व्याकरणापुरते नाही, हे पुढे दिसेल.

पहिला इतिहास रोमचा. तेथील सामान्य जन, ज्यांना प्लीबियन म्हणत, ते लढाईत रक्त सांडीत आणि घरी परतल्यावर सावकाराच्या कर्जापायी गुलामासारखे बांधले जात. परंपरा अशी सांगते की, इ. स. पू. ४९४ मध्ये ते शहर सोडून आनिओ नदीपलीकडच्या पवित्र टेकडीवर जाऊन बसले. त्यांनी लूट केली नाही, जाळपोळ केली नाही. जगण्यापुरते घेतले आणि स्वस्थ राहिले. सैन्यात लढणारे हातच निघून गेल्यावर सरदारवर्ग घाबरला. मेनेनियस अग्रिप्पाने जाऊन पोट आणि अवयव यांची गोष्ट सांगितली : पोट आयते खाते म्हणून हातपाय रुसले आणि शेवटी सारेच शरीर खंगले. ही गोष्ट आजही मालकवर्गाच्या तोंडी असते. परंतु लोक केवळ गोष्ट ऐकून परतले नाहीत. आपले स्वतःचे ट्रिब्यून निवडण्याचा हक्क पदरात पडला, तेव्हा परतले. सिसेशनमधून कन्सेशन निघाले ते असे. हे सारे लिहिणारा लिव्ही चार शतकांहून अधिक काळानंतरचा, तेव्हा तपशिलात दंतकथेचा अंश असणारच. मात्र हा मार्ग रोमन जनतेने पुढेही अवलंबिला. इ. स. पू. २८७ मध्ये ती यानिकुलम टेकडीवर गेली आणि जनसभेचे ठराव सर्वांना बंधनकारक करून घेऊनच परतली.

दुसरा इतिहास अमेरिकेचा. २० डिसेंबर १८६० रोजी दक्षिण कॅरोलायना संघराज्यातून बाहेर पडले आणि पाहता पाहता अकरा राज्ये फुटली. त्या संघराज्याला ‘युनियन’ म्हणत. आमच्या संघटनेचेही नाव तेच. राज्यांचे हक्क हे कारण पुढे केले गेले. परंतु दक्षिण कॅरोलायनाच्या जाहीरनाम्यातील मोठी तक्रार अशी की, पळून आलेले गुलाम उत्तरेकडील राज्ये परत करीत नाहीत! म्हणजे दुसऱ्या राज्यांचे हक्क त्यांना नकोच होते. मिसिसिपीने तर गुलामगिरीशी आपले हित जोडलेले आहे, असे उघडच लिहिले. त्या वेळी देशात सुमारे ४० लाख माणसे गुलामगिरीत होती.

या फुटीची झळ सातासमुद्रांपलीकडे पोहोचली. उत्तरेने दक्षिणेची बंदरे रोखली. कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत पैशाचा पूर लोटला, आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच तो ओसरून अनेक पेढ्या बुडाल्या. लँकेशायरच्या गिरण्या कापसावाचून बंद पडल्या. तरीही ३१ डिसेंबर १८६२ रोजी मँचेस्टरच्या सभेत कामगारांनी गुलामगिरीविरुद्ध लिंकनला पाठिंब्याचे पत्र धाडले. लिंकननेही १९ जानेवारी १८६३ रोजी त्यांना कृतज्ञतेचे उत्तर लिहिले. तेथील सारेच कामगार एकमताचे होते असे नाही. उपाशी पोटी ते कठीणच. म्हणूनच त्या सभेचे मोल अधिक.

शब्द एकच, मग फरक कोठे? रोमचा प्लीबियन स्वतःचे हात घेऊन बाहेर पडला आणि न्यायाने परत येता यावे म्हणून पडला. कॅरोलायनाचा मळेवाला दुसऱ्याचे हात आपल्या मुठीत ठेवण्यासाठी बाहेर पडला, आणि त्याला परत यायचेच नव्हते. कोणी फुटला की ‘का फुटला’ याआधी विचारावे : हा कोणाचे हात घेऊन चालला आहे?

हा प्रश्न आम्ही उशिरा विचारला. त्या कंत्राटी कामगारांनी नेले ते स्वतःचेच हात. ज्या करारावर आम्ही सह्या केल्या होत्या, त्यात कायम कामगारांसाठी पाने होती. त्यांच्यासाठी एक ओळ नव्हती. तेव्हा पोटाची गोष्ट सांगणारे मेनेनियस आम्हीच होतो! पुढे आम्ही तो ठराव मागे घेतला आणि नव्या मागणीपत्रात त्यांना कायम करण्याची मागणी पहिल्या कलमात घातली. पुष्कळ जण परत आले. काही आले नाहीत, आणि त्यांना फुटीर म्हणण्याचा अधिकार आता आम्हांस उरलेला नाही.