चौतीस नंबरचा सौदा

२०१३ सालच्या जूनमध्ये आमच्या घरात दोन दिवस अबोला होता. कारण ऐकून हसाल. आम्ही तेव्हा बॉस्टनजवळ राहत होतो आणि सत्तावीस जूनच्या रात्री बातमी आली की बॉस्टन सेल्टिक्सने पॉल पिअर्स आणि केव्हिन गार्नेट यांना ब्रुकलिन नेट्सकडे धाडून दिलं. लेक तेव्हा अकरा वर्षांची. रोज पिअर्सची चौतीस नंबरची जर्सी घालून झोपायची. सकाळी तिने विचारलं, "बाबा, पंधरा वर्षं खेळलेल्या माणसाला विकतात?"

मी म्हणालो, "विकत नाहीत गं, ट्रेड करतात."

"म्हणजे काय वेगळं?"

मला उत्तर सुचलं नाही आणि तिला वाटलं की बाबाही त्या लोकांच्याच बाजूचे. मग अबोला.

ज्यांना बास्केटबॉलमधलं फारसं कळत नाही त्यांच्यासाठी (आई, हे तुझ्यासाठी) थोडं सांगतो. एनबीएमध्ये खेळाडूचा करार एका संघाशी असतो, पण तो करार संघ दुसऱ्या संघाला देऊ शकतो. बदल्यात दुसरे खेळाडू घ्यायचे, नाहीतर येत्या वर्षांतले 'ड्राफ्ट पिक'. ड्राफ्ट म्हणजे दरवर्षी नव्या पोरांची होणारी निवड. ज्या संघाची कामगिरी वाईट, त्याला साधारणपणे आधी निवडायला मिळतं. थोडक्यात, पिक म्हणजे अजून न पिकलेल्या शेतावरची पावती. किती पिकेल ते कोणालाच माहीत नसतं.

आता या दोघांविषयी. पिअर्स १९९८ मध्ये आला. २००० च्या सप्टेंबरमध्ये बॉस्टनच्या एका क्लबात त्याला अकरा वेळा भोसकलं होतं. त्यानंतर सुरू झालेल्या मोसमातले सगळे ८२ सामने तो खेळला. संघ अगदी भिकार होता तेव्हाही तो सोडून गेला नाही. गार्नेट २००७ मध्ये आला. त्याच्यासाठी बॉस्टनने पाच खेळाडू आणि दोन पिक मोजले होते. आदल्या मोसमात २४ सामने जिंकणारा संघ त्याच्या पहिल्या मोसमात ६६ जिंकला आणि २००८ मध्ये अजिंक्य ठरला. ते अजिंक्यपद बावीस वर्षांनी मिळालं होतं.

पाच वर्षांनी, २०१३ मध्ये, गार्नेट ३७ वर्षांचा आणि पिअर्स ३५ वर्षांचा होता. त्यांच्या बरोबरीचा रे ॲलन आदल्याच वर्षी करार संपल्यावर मायामीला निघून गेला होता आणि बॉस्टनच्या हाती काहीही लागलं नव्हतं. संघ पहिल्याच फेरीत न्यूयॉर्ककडून हरला. पुढे उतरणच होती, हे सगळ्यांना दिसत होतं. प्रश्न एवढाच होता की उतरण कोणाच्या अंगणात व्हायची.

संघाची सूत्रं डॅनी एंजच्या हातात होती आणि त्याच्यामागे एक जुनी गोष्ट होती. एंज स्वतः १९८० च्या दशकात सेल्टिक्सकडून खेळला. लॅरी बर्ड, केव्हिन मॅकहेल, रॉबर्ट पॅरिश यांच्याबरोबर त्याने १९८४ आणि १९८६ ची अजिंक्यपदं जिंकली. पुढे त्या तिघांची शरीरं कुरकुरायला लागली, तेव्हा संघाचे कर्तेधर्ते रेड आउरबाख यांना आपण नाताळच्या पार्टीत म्हणालो होतो की बर्ड आणि मॅकहेलला आता किंमत आहे, आताच ट्रेड करा. असं एंजने पुढे अनेकदा सांगितलं. आउरबाखनी ऐकलं नाही. गंमत अशी की १९८९ मध्ये ट्रेड झाला तो एंजचाच, सॅक्रामेंटोला! बर्ड १९९२ मध्ये पाठ धरून निवृत्त झाला, मॅकहेल १९९३ मध्ये थांबला, पॅरिश १९९४ मध्ये करार संपल्यावर शार्लटला गेला. तिघांच्या बदल्यात बॉस्टनला शून्य मिळालं.

त्यानंतरच्या दुष्काळाचा सगळा दोष आउरबाखच्या मायेवर टाकणं बरोबर नाही. १९८६ मध्ये ड्राफ्टमध्ये निवडलेला लेन बायस दोन दिवसांत गेला. १९९३ मध्ये कर्णधार रेजी लुईस मैदानावर सराव करताना कोसळून गेला. अशा गोष्टींपुढे कोणता हिशोब चालतो? पण एंजने आपला धडा घेतलेला होता. माया करायची नाही, वेळेवर विकायचं.

आता घेणाऱ्याचं बघू. नेट्स २०१२ मध्ये न्यूजर्सीहून ब्रुकलिनला आले होते. मालक मिखाईल प्रोखोरोव हा रशियन अब्जाधीश, आणि २०१० मध्ये संघ घेताना पाच वर्षांत अजिंक्यपद आणतो म्हणून बसलेला. संघ अगदीच वाईट नव्हता, ४९ सामने जिंकलेला होता. फक्त त्याला घाई होती. आमच्या गावाकडच्या बैलबाजारात आजोबा सांगायचे की बैलाचे दात सगळेच बघतात, शहाण्याने गिऱ्हाइकाचा चेहरा बघावा. उद्या पेरणी आहे असा चेहरा घेऊन आलेल्याला दात मोजायला सवड नसते.

तर सौदा असा झाला. नेट्सला पिअर्स, गार्नेट, जेसन टेरी आणि डी. जे. व्हाइट. बॉस्टनला पाच खेळाडू, ज्यांतल्या जेराल्ड वॉलेसचा तीन वर्षांचा तीन कोटी डॉलरच्या घरातला करार म्हणजे ओझंच होतं. आणि त्या ओझ्यासोबत २०१४, २०१६ आणि २०१८ चे नेट्सचे पहिल्या फेरीचे पिक, शिवाय २०१७ मध्ये पिकांची अदलाबदल करण्याचा हक्क. गार्नेटच्या करारात ट्रेडला नकार देण्याची मुभा होती. त्याने ती सोडली आणि तो गेला.

पहिल्या वर्षी बघणाऱ्याला वाटलं असतं की सौदा बरोबरीचा झाला. नेट्स ४४ सामने जिंकले. टोरांटोविरुद्धच्या सातव्या सामन्यात अगदी शेवटच्या क्षणी लाउरीचा फटका पिअर्सने अडवला आणि नेट्स एका गुणाने जिंकले. मी टीव्हीसमोर ओरडलो. लेक आतून म्हणाली, "तो आपला नाहीये आता." दुसऱ्या फेरीत मायामीने त्यांना ४-१ असं घरी पाठवलं. गार्नेटची सरासरी सामन्यामागे साडेसहा गुणांवर आली होती. मालकाला लीगकडे नऊ कोटी डॉलरहून जास्त दंडवजा कर भरावा लागला होता. त्या उन्हाळ्यात पिअर्स वॉशिंग्टनला गेला आणि २०१५ च्या फेब्रुवारीत गार्नेट मिनेसोटाला परतला. दोन मोसमही पुरे झाले नव्हते.

मला खरं सांगायचं आहे ते इथून पुढचं. नेट्स ४४ सामने जिंकले म्हणून २०१४ चा पिक सतरावा आला. त्यात मिळालेल्या जेम्स यंगचं पुढे फार काही झालं नाही. नंतर मात्र नेट्स कोसळले. २०१५-१६ मध्ये २१ विजय, त्यातून तिसरा पिक : जेलन ब्राउन. २०१६-१७ मध्ये फक्त २० विजय, लीगमध्ये सगळ्यांत कमी. त्याच मोसमात बॉस्टन ५३ सामने जिंकून पूर्व विभागात पहिले, आणि तरी अदलाबदलीच्या हक्काने ड्राफ्टचा पहिला पिकही त्यांचाच! तो त्यांनी फिलाडेल्फियाला देऊन तिसरा पिक आणि वर आणखी एक घेतला. तिसऱ्यात आला जेसन टेटम. २०१८ चा पिक आधीच कायरी अर्विंगच्या ट्रेडमध्ये क्लीव्हलंडला गेला होता. हा अर्विंग दोन वर्षांनी करार संपल्यावर गेला कुठे? ब्रुकलिनला. असो.

म्हणजे बघा. गार्नेट आणि पिअर्स ब्रुकलिनमध्ये आणखी तीन-चार वर्षं जोरात खेळले असते, तर बॉस्टनच्या हाती तो सतरावा पिक आणि तसलेच दोन-तीन लागले असते. ते जितक्या लवकर थकले तितका बॉस्टनचा मोबदला वाढला. विकून झाल्यावर बैलाचे गुडघे जावेत आणि त्याबद्दल विकणाऱ्यालाच दरवर्षी जास्त धान्य मिळावं, असा सौदा बैलबाजारात कोणी ऐकला आहे का?

वयस्क खेळाडूची किंमत त्याच्यात उरलेल्या खेळाची असते असं मी समजत होतो. इथे पणाला लागला होता त्याचा थकवा. ज्यांनी त्या माणसाला पंधरा वर्षं जवळून पाहिलं, त्यांनीच तो संपत आल्यावर पैज लावली, आणि जिंकली. हिशोबात कुठे चूक नाही. तरी अजूनही तो विचार मनात आला की कसंतरीच वाटतं. आउरबाखना व्यवहार कळत नव्हता असं नाही. काही व्यवहार कळत असूनही त्यांनी केले नाहीत, आणि त्याचे पैसे संघाने भरले. एंजने केला, आणि त्याचं फळ संघाला मिळालं. दोघांतलं बरोबर कोण हे मला अकरा वर्षांच्या मुलीला सांगता आलं नव्हतं, अजूनही सांगता येईल असं वाटत नाही.

मात्र नंतरच्या काही गोष्टी नोंदवून ठेवतो. २०१४ च्या जानेवारीत दोघे नेट्सच्या पोशाखात बॉस्टनला खेळायला आले, तेव्हा सगळं मैदान उभं राहिलं होतं. २०१७ मध्ये बॉस्टनने पिअर्सशी नावापुरता करार केला, त्याला सेल्टिक म्हणून निवृत्त होता यावं एवढ्यासाठी. ११ फेब्रुवारी २०१८ ला चौतीस नंबर छताला लागला, १३ मार्च २०२२ ला गार्नेटचा पाच नंबर. हे सगळं कुठल्याही सौद्यात लिहिलेलं नव्हतं.

२०२४ च्या जूनमध्ये सेल्टिक्स पुन्हा अजिंक्य झाले. टेटम आणि ब्राउन यांच्या जोरावर. अंतिम मालिकेतला सर्वोत्तम खेळाडू ब्राउन. मध्यरात्रीच लेकीचा फोन आला. आता ती बावीस वर्षांची, दुसऱ्या गावात राहणारी.

"बाबा, म्हणजे तो ट्रेड चांगलाच झाला ना?"

"झाला की."

थोडा वेळ ती काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "माझी चौतीस नंबरची जर्सी कुठे आहे?"

"आईने ठेवली आहे माळ्यावर."

"टाकू नका हं," म्हणाली, आणि फोन ठेवला.