सरत्या संवत्सराचा हिशेब

सातारा-सांगलीच्या व्यापारी पेढ्यांवर कीर्द-खतावण्यांची पूजा लक्ष्मीपूजनास होत असली, तरी गृहस्थाचे खरे संवत्सर फाल्गुनातच सरे. आणि समर्थ रामदासांनी शके १६०३ च्या माघ वद्य नवमीस सज्जनगडी देह ठेवला, त्या दासनवमीपासून पाडव्यापर्यंतचा सव्वा महिना श्रद्धाळू घरांत राहिलेले नवस फेडण्याचा व दुखण्याखुपण्यांची उजळणी करण्याचा असे.

१८९६ साली मुंबईत उतरलेली ग्रंथिज्वराची साथ पुढे या मुलखातही पसरली, आणि भरली घरे कुलुपबंद करून रानातील झोपड्यांत राहण्याची पाळी ज्यांच्यावर आली, त्यांच्या त्या उजळणीत धान्य व वसूलबाकी यांच्याआधी जिवंत माणसांची मोजदाद होऊ लागली असल्यास नवल नाही. पाडव्याला कडुनिंबाची कोवळी पाने, ओवा, हिंग, मिरी व गूळ एकत्र वाटून खावयाचे आणि मग पंचांगातील वर्षफल ऐकावयाचे, हा क्रम मोडला नाही. (वर्षफल बहुधा गोडच असे!) मिरजेस डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ साली रुग्णालय उघडले होते. सांगलीच्या गणपतीला नवस बोलून त्याच रुग्णालयाची वाट धरण्यात सामान्य प्रपंची माणसाला विसंगती वाटली नाही. श्रद्धा आणि वैद्यक यांचा कलह घरांपेक्षा विद्वानांच्या सभांतच अधिक माजला, असे माझे स्पष्ट मत आहे.