पुण्याच्या दुकानातलं ओव्याचं फूल

1874 साली लंडनमध्ये ‘फार्माकोग्राफिया’ नावाचा ग्रंथ निघाला. फ्लुकिगर आणि हॅनबरी या दोन औषधतज्ज्ञांनी वनस्पतिजन्य औषधांची त्यात बारकाईनं नोंद केली आहे. ओव्याच्या नोंदीत ते सांगतात, की ओव्याच्या अर्कावर धरणारे स्फटिक पुण्यात आणि दख्खनच्या इतर गावांत दुकानांतून विकले जातात. मी निफाड तालुक्यात रसायनशास्त्र शिकवते, माझ्या घरची द्राक्षबाग आहे, आणि ही नोंद मला फार मोलाची वाटते. द्राक्षाच्या पेटीतली बुरशी रोखण्यासाठी आज जगभर ज्या पदार्थांवर प्रयोग चालतात, त्यांतला एक दीडशे वर्षांपूर्वी आपल्या काष्ठौषधींच्या दुकानात पुडीत बांधून मिळत होता.

करण्याची रीत साधी होती. ओवा भरडून पाण्यात घालायचा, भट्टीवर चढवून अर्क काढायचा. अर्कावर तेलाचा तवंग येतो, आणि तो गारठला की त्यात स्फटिक धरतात. हेच ओव्याचं फूल. वर्गात मी ते मुलांच्या हातावर ठेवते. जाड्या मिठासारखे, काचेसारखे पारदर्शक खडे असतात, पण वास असा तिखट की मागच्या बाकावरची मुलंही मान वर करतात. कापूर, पुदिन्याचं फूल आणि ओव्याचं फूल असे तिन्ही कोरडे पदार्थ बाटलीत घालून हलवले, की पाण्याचा थेंब न घालता सगळं पातळ होतं. घरोघरी पोटदुखीवर जी अमृतधारा देतात, ती हीच. तीन घन पदार्थ एकत्र आले की मिश्रणाचा वितळणबिंदू खोलीच्या तापमानाखाली उतरतो, हे मुलांना या बाटलीइतकं चांगलं दुसरं काही शिकवत नाही.

युरोपला हा पदार्थ दुसऱ्या वाटेनं भेटला. 1719 मध्ये बर्लिनचे औषधनिर्माते कास्पार नॉयमान यांनी थाइम नावाच्या झुडपाच्या तेलातून तो वेगळा काढला, आणि त्याला पुढे थायमॉल हे नाव मिळालं. 1855 मध्ये स्टेनहाउस यांनी दाखवून दिलं, की ओव्याचं फूल आणि थायमॉल एकच आहेत. शिवाय ओव्यात ते भरपूर असतं. दाण्यात दोन ते चार टक्के तेल, आणि त्या तेलाचा निम्म्याच्या आसपास भाग थायमॉलचा.

इथून व्यापाराचं पान उलटलं. माळव्यातला, निजामाच्या राज्यातला ओवा पोत्यांनी मुंबई बंदरात येऊ लागला आणि तिथून जर्मनीला जाऊ लागला. लाइपझिगची शिमेल कंपनी सुगंधी तेलांच्या धंद्यात अग्रेसर होती. तिथे ओव्याचं तेल काढून कॉस्टिक सोड्यानं त्यातलं थायमॉल वेगळं करत. जंतुनाशक म्हणून त्याला मागणी होतीच, पण 1909 नंतर अमेरिकेच्या दक्षिण भागात रॉकफेलर आयोगानं अंकुशकृमीविरुद्ध मोहीम उघडली, तिचं मुख्य औषध थायमॉलच होतं. आपण दाणा विकत होतो आणि औषध बाटलीत भरून परत विकत घेत होतो.

1914 साली महायुद्ध सुरू झालं आणि ही साखळी तुटली. थायमॉलचा भाव कडाडला. अमेरिकेच्या शेतीखात्यानं फ्लोरिडात हॉर्समिंट नावाच्या रानझुडपापासून थायमॉल काढण्याचे प्रयोग केले. पुढे ते कारखान्यात कृत्रिमरीत्याही तयार होऊ लागलं आणि ओव्याच्या निर्यातीचं ते महत्त्व ओसरलं.

याच सुमाराला द्राक्षाची पेटी गंधकाकडे वळली. 1920च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या विंकलर आणि जेकब यांनी दाखवलं, की सल्फर डायऑक्साइडच्या धुरीनं द्राक्षं लांबच्या प्रवासात टिकतात. आज नाशिकच्या पॅकहाऊसमध्ये पेटी बंद करण्याआधी घडांवर जो पॅड ठेवतात, तो त्याच शोधाचा वारस आहे. पॅडमधल्या मेटाबायसल्फाइटला पेटीतला ओलावा लागला की वायू सुटतो. त्याची गरज खरी आहे. करडी बुरशी शून्य अंशालाही मरत नाही, फक्त मंदावते. एक मणी सडला की राखाडी लव शेजारच्या मण्यावर चढते, आणि युरोपला पोचेपर्यंत अख्खा घड हातचा जातो. पण वायू जास्त झाला तर देठाजवळ मणी पांढरे पडतात, सालीला चिरा जातात. दम्याच्या रुग्णांना सल्फाइटचा त्रास होतो, म्हणून फळात ते किती उरलं यावर परदेशी ग्राहकाची करडी नजर असते.

2005 साली स्पेनमधल्या ओरिउएलाच्या संशोधकांनी द्राक्षांच्या बंद पाकिटात लवंगेतलं युजेनॉल, पुदिन्यातलं मेन्थॉल आणि थायमॉल वेगवेगळं ठेवून पाहिलं. सड कमी झाली आणि देठ जास्त दिवस हिरवे राहिले. थायमॉलची वाफ बुरशीच्या पेशीपटलातल्या स्निग्धांशात मुरते, पटल गळू लागतं आणि पेशीतले क्षार बाहेर झिरपतात. अडचण आहे ती मात्रेची. थोडी जास्त झाली तर द्राक्षाला ओव्याची चव येते, आणि ती कोणाला चालणार? म्हणून वाफ हळूहळू, मोजून सोडणारा पॅड हवा. खरं काम तिथेच बाकी आहे.

ते काम आपण करावं, असं मला मनापासून वाटतं. 1914पूर्वीचा धडा स्पष्ट आहे: दाणा विकणाऱ्याला दाण्याचा भाव मिळाला आणि बाजार अर्क काढणाऱ्याच्या हाती गेला. ओवा आजही गुजरात-राजस्थानात पिकतो, द्राक्ष आमच्या दारात आहे, शीतगृहं आहेत, आणि अर्क काढण्याची विद्या तर पुण्याच्या बाजाराला दीडशे वर्षांपूर्वीच ठाऊक होती. उद्या थायमॉलचा पॅड यशस्वी झाला आणि तोही आपल्याला बाहेरून मागवावा लागला, तर ती इतिहासातल्या चुकीची नक्कल ठरेल. आपल्या कृषी महाविद्यालयांनी आणि बागायतदारांनी मिळून याच हंगामात चार पेट्या बाजूला काढाव्यात, मात्रा बदलून बघाव्यात आणि आकडे लिहून ठेवावेत. सुरुवातीला एवढं पुरे आहे.